चाळीस खिडक्यांचं मखर

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घरात नऊ वर्षांत एकही खिळा ठोकलेला नव्हता. हे सांगितलं की माझी मुलं हसतात, पण तेव्हा तो आमच्या घरचा कायदा होता. भिंतीवरचं घड्याळ फ्रिजच्या डोक्यावर भिंतीला टेकवून ठेवलेलं, नागपूरहून आलेलं कॅलेंडर चिकटपट्टीनं कपाटाच्या दाराला लावलेलं, आजोबांचा फोटो टीव्हीवर. कुणी जोरानं दार आपटलं की आजोबा पालथे पडत. आईनं विषय काढला की बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "घर विकताना भोकं बुजवत बसायचं का? पुढच्या वर्षी परतच जायचंय." बाबा गाड्यांच्या ब्रेकचं डिझाईन करत. ऑफिसात हजारो गाड्या थांबवायची सोय करणारा हा माणूस घरी मात्र नऊ वर्षं निघण्याच्या तयारीत होता. बेसमेंटमध्ये चार मोठ्या सुटकेसी अर्ध्या भरलेल्या असत. भारतात न्यायची म्हणून घेतलेली दोनशेवीस व्होल्टची इस्त्री होती, ती अमेरिकेत चालत नव्हती आणि भारतात पोचत नव्हती. सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावरून उठताना मांड्या चर्र आवाज करत सुटायच्या, तो आवाज आठवला की मी आजही खुर्चीत चुळबुळते.

मी पंधरा वर्षांची होते आणि मला कुठेच बसवत नसे. जेवताना पाय हलवायची, अभ्यास करताना उठून तीनदा फ्रिज उघडायची. आई म्हणायची, "वृंदा, अंगात भिंगरी आहे का तुझ्या?" दोष माझा एकटीचा नव्हता, घरालाच ती सवय होती. आईचा नागपूरहून आणलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालायचा, तो सुरू झाला की त्या लोखंडी ठोकळ्याची घूं घूं जमिनीतून पायांत चढायची. खाली घर गरम ठेवणारा फर्नेस धडाडत असे. रविवारी सकाळी बाबा टेपरेकॉर्डर डायनिंग टेबलावर मांडत आणि आत्यानं पाठवलेली कॅसेट लागे. तिच्या आवाजामागे सायकलच्या घंट्या, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्यांचं भांडण, सगळं येई. ते ऐकताना बाबा हातातला पोह्यांचा चमचा तसाच धरून बसत. आई सावर क्रीमचं श्रीखंड करायची, बिस्क्विकच्या तयार पिठाचे गुलाबजाम करायची आणि प्रत्येक पदार्थ खाली ठेवताना म्हणायची, "तिकडची चव नाही." चव चांगली असायची. मला ते कधी कळलंच नाही, की जे समोर आहे आणि जे चांगलं लागतंय, त्याची माफी का मागायची.

त्या वर्षी ऑगस्टच्या कॅसेटमध्ये आत्यानं सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर म्हटलं, "दादा, पोरीचं काय ठरवलंस? दहावी झाली की पाठवून दे. वरची खोली रिकामीच आहे." मी टोस्टला बटर लावत होते. बाबांनी टेप बंद केला. तेव्हा आमच्या ओळखीतल्या घरांत ही साथच आली होती. मुलगी सोळाची व्हायच्या आत, डेटिंग-बिटिंगचं वारं लागायच्या आत, तिला भारतात अकरावी-बारावीला ठेवायचं. मराठी मंडळाचे सेक्रेटरी बापट काका, बाबांचे जवळचे मित्र, त्यांनी आपली नीता आदल्या वर्षी पुण्याला पाठवली होती. नीता मला पत्रं लिहायची. तिथे कॉलेजात तिला सगळे 'अमेरिका' म्हणून हाक मारत. इथे आमच्या शाळेत आम्ही दोघी 'इंडियन' होतो. तिनं लिहिलं होतं, मला एकदा कुणीतरी नुसतं नीता म्हणावं असं वाटतं.

"बाबा, आय अॅम नॉट गोइंग," मी म्हटलं.

"मराठीत बोल."

"मला नाही जायचं."

"गणपती होऊ दे. मग बसून नीट ठरवू. तुला विचारल्याशिवाय काही करणार आहे का मी?" बाबा म्हणाले, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. नागपूर मला वाईट वाटायचं असं नाही. तीन वर्षांपूर्वी गेलो होतो, तेव्हाचं एसटी स्टँड मला लख्ख आठवत होतं. गाडी फलाटाला लागायच्या आत बाबा धावत गेले आणि त्यांनी खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकला. "झाली जागा आपली," असं म्हणून ते इतके खुश झाले, की तसं मी त्यांना ट्रॉयमध्ये कधी पाहिलं नव्हतं. आम्ही आत पोचेपर्यंत एक जाडजूड बाई त्या रुमालावर बसल्या होत्या.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. इतिहासाच्या बाईंनी, मिसेस हॅलोरन त्यांचं नाव, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक साम्राज्य वाटलं. महिनाभरात त्याची एक वस्तू करून आणायची आणि वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं. शेजारच्या मुलाला मंगोल मिळाले, तो आनंदानं घोड्यासारखा खिंकाळला. मला मिळालं बायझंटाईन. मला तो शब्द धड म्हणताही येईना. बाईंनी माझ्या वहीवर स्वतःच मथळा लिहून दिला, 'पूर्व आणि पश्चिम यांच्यामधला पूल'. पाठ्यपुस्तकातही तेच होतं. पूर्वेचं रेशीम पश्चिमेला गेलं ते या राज्यातून, ग्रीकांचे जुने ग्रंथ सांभाळून पुढे युरोपला दिले ते याच लोकांनी. म्हणजे हजार वर्षं यांनी फक्त पोस्टमनचं काम केलं, असं वाचून वाटे. मला त्या राज्याचा फार कंटाळा आला. त्याचं खरं कारण मला कळत होतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी काका आम्हा मुलांना स्टेजवर उभं करून म्हणत, "ही मुलं म्हणजे दोन संस्कृतींमधला पूल." मला पूल व्हायचं नव्हतं.

आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी बाई मुलाकडे राहायला आली होती. नाव कटीना. तोंडावर आम्ही मिसेस कटीना म्हणायचो आणि घरात 'ग्रीक आजी'. सप्टेंबरच्या मध्यात त्यांच्या चर्चमध्ये बेझिलच्या, म्हणजे तिकडच्या तुळशीच्या, फांद्या वाटतात. त्या वर्षी आजींनी त्यातली एक रुजवून कुंडी आईला आणून दिली. आईनं पानाचा वास घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून आंघोळ झाली की त्या कुंडीला पाणी घालून नमस्कार करायला लागली. आजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेले रोल द्यायच्या, आई त्यांना पालकाच्या पानांची अळूवडी द्यायची, आणि दोघी मोडक्या इंग्रजीत तासन्‌तास बोलायच्या. मी आईबरोबर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले आणि दारातच थांबले. भिंतीवर जागा म्हणून नव्हती. फोटो, घड्याळं, भरतकाम, लाकडी चमचे. पूर्वेच्या कोपऱ्यात सोनेरी पाटीवर मरियमचं चित्र, त्याखाली तेलावर तरंगणारी वात, आणि उदाचा वास. आई चप्पल काढून आत गेली. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मी बायझंटाईनचं नाव काढलं तशा आजी खुदकन हसल्या. "हे नाव तर आम्हाला आम्ही मेल्यावर ठेवलं," त्या म्हणाल्या. त्यांचा जन्म इस्तंबूलचा, म्हणजे त्या साम्राज्याच्या जुन्या राजधानीतला, पण त्या त्या गावाला नुसतं 'शहर' म्हणत. "ते लोक स्वतःला रोमन म्हणायचे. पश्चिमेचे लोक त्यांना ग्रीक म्हणत, पूर्वेचे लोक त्यांच्या भाषेत 'रूम'. माझ्या लहानपणीही तसंच. तुर्क आम्हाला रूम म्हणायचे. मग एका सुटकेसनिशी बाहेर पडावं लागलं, अथेन्सला गेलो, तर तिथले म्हणाले हे तुर्क आले. आता माझा मुलगा मला अमेरिकेतल्या ट्रॉयला घेऊन आलाय, इथे सगळे म्हणतात ग्रीक लेडी. मी मात्र होते तीच आहे." मी विचारलं, तुम्हाला परत जायचं नाही का. त्यांनी वातीवरच्या मरियमकडे बघितलं. "जाता येत नाही. म्हणून आल्या दिवशी पहिल्यांदा हातोडी मागितली आणि हिच्यासाठी खिळा ठोकला. जिथे ही लागली ते घर." मग त्यांनी आठवणीनं सांगितलं की 'शहर' तुर्कांच्या हाती पडलं तो मंगळवार होता, म्हणून त्यांच्यात मंगळवारी कुणी शुभकार्य करत नाही. आई म्हणाली, आमच्यात मंगळवार गणपतीचा. दोघींनी यावर बराच वेळ गंभीरपणे मान हलवली.

आजींनी एक जुनं पोस्टकार्ड दिलं. इस्तंबूलमधल्या आया सोफियाचं, त्या रोमनांनी बांधलेल्या चर्चचं, आतलं चित्र, प्रचंड घुमट आणि त्याच्या तळाशी गोलाकार खिडक्यांची माळ. "चाळीस आहेत," आजी म्हणाल्या. "लहानपणी वडील खांद्यावर घेऊन मोजायला लावायचे. ऊन आत आलं की खालच्या भिंती दिसेनाशा होतात आणि घुमट नुसता वर तरंगतो." मी ठरवलं, हेच करायचं. बाबांच्या ऑफिसातून यंत्रांच्या खोक्यातलं थर्माकोल यायचं, ते बेसमेंटमध्ये ढिगानं पडलं होतं. घुमट कसा करायचा हे मला कोण शिकवणार? आई. तिच्या माहेरी दर वर्षी गणपतीचं मखर घरी व्हायचं. तिनं मला विणायची सुई मेणबत्तीवर तापवून थर्माकोल कापायला शिकवलं, लहान लहान होत जाणारी कडी एकावर एक चिकटवून, पॉलिश पेपरनं घासून गोल करायला शिकवलं. खांबांना नक्षी हवीच म्हणाली, म्हणून नक्षी केली. आतून मी सोनेरी कागद लावला आणि तापल्या सुईनं चाळीस खिडक्या पाडल्या. तीन आठवडे रोज शाळेतून आले की खाली. त्या तीन आठवड्यांत माझे पाय हलले नाहीत. आत एक छोटा बल्ब सोडून, दिवा मालवून मी पहिल्यांदा दाराच्या कमानीला डोळा लावला आणि मला रडू आलं. बाबा त्या दिवसांत दोनदा खाली येऊन गेले, सुटकेस उघडून काहीतरी ठेवलं आणि वर गेले.

आमच्या मंडळाचा गणपती तिथीला बसत नसे, हॉल मिळेल त्या शनिवारी बसे. त्या वर्षी एका शाळेचा कॅफेटेरिया ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी मिळाला. माझं सादरीकरण सोमवारी होतं. मंडळाचं सगळं सामान, समया, सतरंज्या आणि खोक्यातला गणपती, वर्षभर आमच्या बेसमेंटमध्ये राही. शुक्रवारी दुपारी आई आणि मी नारळ आणायला गेलो असताना बापट काका स्टेशन वॅगन घेऊन आले. आम्ही परत आलो तेव्हा सामान गेलं होतं. मग मोदकांच्या सारणाची घाई सुरू झाली आणि खाली जायला वेळच झाला नाही.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये शिरले तर सगळ्यांनी मांडी घातलेली, टेपरेकॉर्डरवर पुण्याच्या गुरुजींची पूजा चाललेली. गुरुजी म्हणत, "आता फुले वाहा," की बापट काका सोवळ्यात बसल्या बसल्या पॉझचं बटण दाबत, फुलं वाहत, आणि पुन्हा प्ले करत. मी स्टेजकडे बघितलं. माझ्या घुमटाखाली गणपती बसला होता. चाळीस खिडक्यांमधून ख्रिसमसची लाल-हिरवी लायटिंग ओवलेली, ती लुकलुक करत होती. खांबांना चमकी. आणि समोरची कमान, जिला मी आठवडाभर घासत होते, ती पूर्ण कापून काढलेली. ब्रेड कापायची सुरी शेजारीच पडली होती.

पूजा संपताच मी काकांकडे धावले. "काका, दॅट्स माय प्रोजेक्ट! माझा शाळेचा प्रोजेक्ट आहे तो!"

काकांचा चेहरा खरोखर पडला. "अगं, मला काय माहीत? मला वाटलं वहिनींनी या वर्षी जोरदार मखर केलंय. मूर्ती आत जाईना, दर्शन होईना, म्हणून थोडं पुढून मोकळं केलं. आणि श्रीधरनंच तर उचलून गाडीत ठेवलं माझ्याबरोबर."

श्रीधर म्हणजे माझे बाबा. मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही दिलंत?"

"मलाही मखरच वाटलं," बाबा हळूच म्हणाले.

"काढा ते आत्ता."

"प्राणप्रतिष्ठा झाली, बेटा," काका म्हणाले. "आता उद्या उत्तरपूजेपर्यंत गणपती हलवता येत नाही. एवढं मनाला लावून घेऊ नकोस यार. मार्क्स गेले तर गेले! जूनमध्ये तर तू नागपूरला. तिकडे हे मार्क्स कोण बघतंय? तुझी अॅडमिशनसुद्धा झाली म्हणाला श्रीधर."

आई हातातला मोदकांचा डबा घेऊन तशीच उभी राहिली. तिलाही माहीत नव्हतं. बाबा आपल्या मोज्यांकडे बघत होते. "फॉर्म भरून ठेवलाय फक्त," ते म्हणाले. "सीट अडवून ठेवायला. पुढच्या वर्षी आपण सगळे जाणारच आहोत, तू फक्त आधी." मोडलेल्या कमानीचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. तीन आठवडे हा माणूस त्याच बेसमेंटमध्ये येत होता आणि मी काय करतेय हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि नागपूरचं तर मुळीच विचारलं नव्हतं. हे लिहिताना मी बाबांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाले आहे, त्यांची बाजूही मला कळते, तरी राग अजून शिळा होत नाही.

तेवढ्यात दारातून ग्रीक आजी आत आल्या. आईनंच त्यांना जेवायला बोलावलं होतं. काळा ड्रेस, गळ्यात क्रॉस, हातात बेझिलची जुडी. त्यांच्या आया सोफियात आम्ही सोंडेचा देव बसवला होता, वर लाल-हिरवे दिवे. मी त्यांना अडवायला गेले, पण त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून सरळ स्टेजपाशी गेल्या. आजी चष्मा सारखा करून ओठ हलवत खिडक्या मोजत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "चाळीस. बरोबर केल्यास."

"सॉरी," मी म्हटलं. "आय अॅम सो सॉरी. मी यासाठी नव्हतं केलं."

"हा कोण?" त्यांनी आईला विचारलं.

"गणपती. आमचा पाहुणा. येतो, राहतो, जातो," आई म्हणाली. "वाटेतले अडथळे काढतो."

आजींनी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या. "ते आधी आमचं चर्च होतं. मग मशीद झालं. आता म्युझियम आहे, तिकीट काढून आत जातात. तिथे दिवा लावायला परवानगी नाही. मी शेवटची गेले तेव्हा पहारेकऱ्यानं माझ्या हातातली मेणबत्ती काढून घेतली." त्यांनी समईकडे बोट केलं. "आज इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या घुमटाखाली दिवा लावलाय. मी याच्यावर रागावू?" त्यांनी बेझिलची जुडी गणपतीसमोर ठेवली. गणपतीला तुळस वाहत नाहीत, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही.

जेवणानंतर मुलांचे कार्यक्रम. माझ्या नावावर पाठांतर होतं. मी माईक हातात घेतला आणि एक ओळ आठवेना, आठवायचीही नव्हती. मी मखराकडे हात केला आणि बोलायला लागले. माझं मराठी तेव्हा लंगडं होतं, लिंग-वचन सगळं चुकत होतं, आणि कधी नव्हे ते मागे बसलेली पोरंसुद्धा ऐकत होती. मी म्हटलं, "हे मखर नाही आहे. ही एक सिटी होती. सगळे म्हणतात ती ईस्ट आणि वेस्टच्या मधला ब्रिज होती. पण ब्रिजवर कुणी राहतं का? ब्रिजवरून लोक फक्त जातात. हे लोक तिथे राहत होते. तिथे भाकरी करत होते, भांडत होते, मुलांना खांद्यावर घेऊन खिडक्या मोजत होते. एक थाऊजंड इयर्स. वेस्टवाले त्यांना एक नाव द्यायचे, ईस्टवाले दुसरं. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आम्ही मधले नाही, आम्ही इथले." मग मला बाबा दिसले, शेवटच्या रांगेत, घडीच्या खुर्चीच्या कडेवर टेकलेले, आत्ता उठून जायचं असल्यासारखे. ते नेहमीच तसे बसत. "बाबा, तुम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकता ना, जागा अडवायला? मी तुमचा रुमाल नाही आहे. जायचं तर आपण सगळे जाऊ. मी येईन, प्रॉमिस. पण मला एकटीला आधी टाकू नका."

माईक खाली ठेवून मी बाथरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. टाळ्या वाजल्या का, मला माहीत नाही. नंतर कळलं की बापट काका त्यानंतर बाहेर पार्किंग लॉटमध्ये बराच वेळ एकटे उभे होते. नीता पुढच्या मे महिन्यात परत आली.

रविवारी विसर्जन झालं. आमचं विसर्जन म्हणजे शाळेच्या मागच्या हिरवळीवर, लहान बाळाच्या निळ्या टबमध्ये. गणपतीला तीनदा पाण्यात बुडवायचं, टॉवेलनं पुसायचं, नागपूरच्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घालायचं, आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणत आमच्याच बेसमेंटमध्ये नेऊन ठेवायचं. आदल्या दिवसापासून बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. निघताना त्यांनी गाडीची किल्ली आईच्या हातात दिली. हायवेवर आई कधी गाडी चालवत नसे. बाबा मागे माझ्याशेजारी बसले, मांडीवर तो घुमट घेऊन, आणि वाटभर एकेक चमकी काढत राहिले. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "किती वर्षं टिकलं म्हणालीस?"

"हजाराच्या वर."

"आणि एवढ्या वर्षांत त्यांना कधी वाटलं नाही, की आपण मूळचे दुसरीकडचे?"

"काहींना वाटलं असेल," मी म्हटलं. "पण खिडक्या तर त्यांनी बांधल्याच ना."

बाबांनी घुमट उचलून गाडीच्या काचेशी धरला, उन्हात, आणि कापलेल्या कमानीतून आत बघितलं. बराच वेळ बघत होते. दोन वळणं गेली तरी त्यांनी डोळा काढला नाही. मग म्हणाले, "छान केलंयस गं. मी खाली आलो होतो तेव्हा बघायला हवं होतं."

सोमवारी मी तो तसाच शाळेत नेला, गुलाल लागलेला आणि पुढून उघडा. मिसेस हॅलोरननी बी प्लस दिला आणि शेवटी लिहिलं, पूल कुठे गेला? तो कागद मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता, मग तीन घरं बदलताना कुठेतरी हरवला. सध्या बेलव्ह्यू नावाच्या शहरात राहते. स्वस्थ बसायची विद्या मला अजून आलेली नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरी जे झालं ते सांगायचं राहिलं. बाबांनी टेपरेकॉर्डर मांडला, कोरी कॅसेट घातली आणि आत्याला सांगितलं, "ती सीट सोडून दे. वृंदा येणार नाही. आलो तर सगळे येऊ." त्यांनी 'पुढच्या वर्षी' म्हटलं नाही. मग ते कुंपणापलीकडे गेले आणि ग्रीक आजींकडून हातोडी घेऊन आले, कारण आमच्याकडे हातोडी नव्हती. आजोबांचा फोटो पूर्वेच्या भिंतीवर लावायचा होता. या घरांच्या भिंती आतून पोकळ असतात, खिळा कुठेही मारून चालत नाही, हे इंजिनिअर असून त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी मारलाच नव्हता. पहिला खिळा आत गडप झाला, दुसरा वाकडा होऊन पडला, तिसऱ्याला लाकूड लागलं. आई खालून म्हणत होती, "अजून डावीकडे, अजून." आजोबा टांगले गेले आणि बाबा जमिनीवर मांडी घालून बसले, घामाघूम, हातात हातोडी. मी त्यांच्याशेजारी बसले. किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक, दोघांपैकी कुणाचाच पाय हलत नव्हता.

बाबा त्याच घरात वारले, सव्वीस वर्षांनी. घर विकताना एजंट मला म्हणाला, त्या भिंतीवरची तिन्ही भोकं बुजवून घ्या. मी दोन बुजवली.